वाय-फायची किल्ली कोणाच्या हाती?

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या ताब्यात असतात. त्यांपैकी एक जण रजेवर गेला, तर त्याने आपली किल्ली कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या हाती दिली याची नोंद वहीत होते आणि नोंदीखाली दोघांच्या सह्या पडतात. किल्ल्यांचा दुसरा संच त्या शाखेत ठेवला जात नाही. तो दुसरीकडे सुरक्षित जमा असतो. व्यापारी घरांनाही ही शिस्त परकी नाही. गल्ल्याची किल्ली कोणाजवळ असावी, गोदामाचे कुलूप कोणी लावावे, मुनीम नोकरी सोडून गेला तर कोणते कुलूप बदलावे, हे अशा घरांत न सांगता सगळ्यांना ठाऊक असते.

गेल्या काही वर्षांत मात्र याच घरांना एक नवे दार बसले आहे आणि त्याच्या किल्लीची नोंद कोणत्याही वहीत नाही. ते दार म्हणजे भिंतीवरचा, बारीक दिवे लुकलुकणारा राउटर. इंटरनेट कंपनीचा तंत्रज्ञ येतो, तार जोडतो, पासवर्ड म्हणून दुकानाचा फोन क्रमांक घालतो आणि पाऊण तासात निघून जातो. घरातल्यांच्या मोबाइलवर इंटरनेट सुरू होते व काम झाले असे सारे समजतात. वास्तविक काम अर्धेच झालेले असते. कुलूप बसले, पण त्याचा ताबा घरच्या माणसाने घेतलेला नसतो.

मावळ तालुक्यात हा प्रश्न थोडा अधिकच महत्त्वाचा आहे. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी धावू लागली, तेव्हापासून लोणावळा-खंडाळ्याचा बाजार येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांवर चालत आला आहे. चिक्कीच्या दुकानात गिऱ्हाईक पैसे देण्यासाठी मोबाइल काढते आणि घाटात रेंज मिळत नाही म्हणून दुकानाचा वाय-फाय मागते. शनिवार-रविवारी बंगल्यावर उतरलेले पाहुणे सामान ठेवण्याआधी पासवर्ड विचारतात. वडगाव, कामशेत, तळेगाव येथील पेठांतही खाली दुकान व वर घर अशी वस्ती आहे आणि एकच राउटर गल्ल्यालाही पुरतो व स्वयंपाकघरालाही. पासवर्ड असा हातोहात फिरत राहतो. तो कोणाकोणाला ठाऊक आहे, हे वर्षभराने मालकालाही सांगता येत नाही.

यात बिघडले कुठे, असे एखाद्याला वाटेल. न दिलेले घेऊ नये, हा संस्कार लहानपणापासून झालेल्या घरात शेजाऱ्याचा वाय-फाय न विचारता कोणी वापरणार नाही. पण आपले दार उघडे टाकणे म्हणजे औदार्य नव्हे, हेही तितकेच खरे. याचे एक कठोर उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल आला होता. तपास यंत्रणा त्या ईमेलचा माग काढत नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचल्या. तेथे एक परदेशी गृहस्थ राहत होते. ईमेल त्यांनी पाठविलेला नव्हता. त्यांचा वाय-फाय दुसऱ्यांनीच वापरला होता. त्याच वर्षी २३ ऑगस्टला माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि १३ सप्टेंबरला चेंबूरमधील एका व्यापारी पेढीच्या जाळ्यातून असेच ईमेल गेले. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी शहरातील उघडे वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. आपल्या जोडणीवरून काही गेले, तर पहिली चौकशी आपल्याच दारी येते, हा त्या घटनांचा अर्थ आहे. पुढे निर्दोषत्व सिद्ध होईलही. पण मधल्या काळातला मनस्ताप आणि पेढीच्या नावाची चर्चा कोणी भरून देत नाही.

ताबा घेण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. राउटरलाही बँकेच्या तिजोरीप्रमाणे दोन किल्ल्या असतात. फक्त त्यांची कामे वेगळी असतात. पहिली किल्ली वाय-फायचा पासवर्ड. तो ज्याच्याजवळ आहे, तो इंटरनेट वापरू शकतो. दुसरी किल्ली राउटरच्या व्यवस्थापनाचा, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड. तो ज्याच्याजवळ आहे, तो पहिली किल्लीही बदलू शकतो. पहिली दुकानाच्या शटरची म्हणावी, तर दुसरी तिजोरीची. बहुतेक घरांना पहिली ठाऊक असते. दुसरी असते याचाच पत्ता नसतो आणि ती कारखान्यातून आली तशीच राहते.

दुसऱ्या किल्लीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे जगाने २०१६ साली पाहिले. ‘मिराय’ नावाच्या एका घातक प्रणालीजवळ कारखान्यात घातलेल्या सुमारे साठ नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती. एवढ्या यादीच्या बळावर तिने जगभरातील कॅमेरे व राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा उपकरणांकडून एकाच वेळी मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याचा गंधही नव्हता. दुकानातील सीसीटीव्ही कॅमेरा याच जातीचे उपकरण आहे, हे व्यापाऱ्यांनी विसरू नये.

बँकेच्या व्यवहाराशी या किल्लीचा संबंध आणखी जवळचा आहे. बँकेचे संकेतस्थळ सांकेतिक रूपात बोलते, त्यामुळे वाय-फायवर कोणी परका शिरला तरी त्याला खात्याचा पासवर्ड सहसा वाचता येत नाही. परंतु संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता कोणाला विचारायचा, हे उपकरणांना राउटर सांगतो. राउटरचा ताबा घेणारा नेमके हेच बदलू शकतो. मग नाव बँकेचे टाइप केले तरी उघडणारे पान भलत्याचेच असू शकते. अशा वेळी ब्राउझर धोक्याचा इशारा देतो; पण विवरणपत्राची शेवटची तारीख डोक्यावर असताना तो इशारा घाईत बाजूला सारला जातो.

आता प्रत्यक्ष कृती. त्यासाठी संगणक लागत नाही, हातातला मोबाइल पुरतो. समजण्यासाठी लोणावळ्यातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. खाली चिक्की-फरसाणाचे दुकान, वर राहते घर. घरात साठी ओलांडलेले शेठजी, दुकान सांभाळणारा मुलगा, जीएसटीचे विवरण भरणारी सून आणि अकरावीत शिकणारी नात. तंत्रज्ञ नवा राउटर जोडून गेला आहे आणि शेठजींनी ठरविले आहे की, या कुलपाची किल्ली आज आपण स्वतः घ्यायची.

पहिले काम तयारीचे. राउटरच्या मागच्या चिठ्ठीचा मोबाइलने फोटो काढावा. तिच्यावर कारखान्याने दिलेले वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि व्यवस्थापनाच्या पानाचा पत्ता छापलेला असतो. इंटरनेट कंपनीने आपल्या जोडणीसाठी वेगळे नाव व पासवर्ड दिले असतील, तर ते तंत्रज्ञ जाण्यापूर्वीच लिहून घ्यावेत. काही घरांत काचेची बारीक तार ज्या डबीत येते, तीच राउटरचे काम करते. काही घरांत राउटर वेगळा असतो. मग डबीतून निघालेली केबल राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ असे लिहिलेल्या, बहुधा वेगळ्या रंगाच्या खाचेत बसवावी लागते.

राउटर सुरू करून दोन-तीन मिनिटे थांबावे. शेठजींनी मोबाइल हातात घेतला, तेव्हा नात म्हणाली, “आजोबा, आधी मोबाइल डेटा बंद करा.”

“का गं? इंटरनेटचेच काम आहे ना?”

“राउटरवर इंटरनेट अजून सुरू नसेल, तर फोन परस्पर सिमकार्डाच्या इंटरनेटवर जातो. मग राउटरचे पान उघडतच नाही.”

नातीचे म्हणणे बरोबर आहे. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. डेटा बंद करून मोबाइलच्या वाय-फायच्या यादीत चिठ्ठीवरचे नाव शोधावे आणि छापील पासवर्डाने जोडणी करावी. ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ अशी सूचना आली, तरी जोडणी तोडू नये. नंतर ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत चिठ्ठीवरचा आकडी पत्ता टाइप करावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. टाइप करताना अंक इंग्रजी घ्यावेत आणि मधली टिंबे विसरू नयेत. हे पान इंटरनेटवरून नव्हे, तर समोरच्या राउटरमधूनच येते. राउटर बनविणाऱ्या कंपनीचे अ‍ॅप असेल तर तेही चालते. मात्र ते मोबाइलच्या अधिकृत अ‍ॅप-दुकानातूनच घ्यावे, कोणी पाठविलेल्या दुव्यावरून नव्हे.

पान उघडले की सर्वांत आधी तिजोरीची किल्ली बदलावी, म्हणजे नवा अ‍ॅडमिन पासवर्ड घालावा. मग जोडणीचा प्रकार निवडावा. कंपनीने वेगळे नाव-पासवर्ड दिले नसतील, तर ‘स्वयंचलित’ हा पर्याय पुरतो. दिले असतील, तर ‘पीपीपीओई’ निवडून ते भरावेत. इतके झाले की राउटरला इंटरनेट मिळू लागते.

नंतर वाय-फायचे नाव व पासवर्ड. नावात आडनाव, पेढीचे नाव किंवा घर क्रमांक नसावा, कारण ते नाव रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. पासवर्ड आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा घेता येतो. फोन क्रमांक, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक हे टाळावेत. एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द इंग्रजी अक्षरांत जोडून घ्यावेत. ताक, कंदील, सायकल, बोगदा असे चार शब्द एकदा वाचले की लक्षात राहतात, पण परक्याला सुचत नाहीत. अर्थात इथे छापलेले हेच चार शब्द कोणी घेऊ नयेत. सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए-३’ असेल तर ते, नसेल तर ‘डब्ल्यूपीए-२’ निवडावे. ‘डब्ल्यूईपी’ हा जुना प्रकार आता कुचकामी ठरला आहे.

बदल जतन करताच मोबाइलची जोडणी तुटते. शेठजी क्षणभर चपापले. पण कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागणार कशी? नव्या नावाने व नव्या पासवर्डाने पुन्हा जोडणी करावी. घरातील इतर फोन, टीव्ही, कॅमेरे, छपाई यंत्र यांनाही नवी किल्ली द्यावी लागते. तेवढा अर्धा तास राखून ठेवावा.

त्याच पानावर आणखी तीन कामे उरकून घ्यावीत. राउटरची अंतर्गत प्रणाली अद्ययावत करावी. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. आणि ‘डब्ल्यूपीएस’ हा पर्यायही बंद करावा. या तिसऱ्या पर्यायाची गोष्ट हिशेबी माणसांनी ऐकण्याजोगी आहे. त्यात आठ अंकी क्रमांकाने जोडणी होते. आठ अंक म्हणजे दहा कोटी शक्यता, तेव्हा ती सोय भक्कम वाटे. परंतु २०११ च्या अखेरीस असे उघड झाले की, राउटर पहिले चार अंक स्वतंत्रपणे तपासतो व उरलेले स्वतंत्रपणे. शिवाय शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. म्हणजे आधी दहा हजार आणि नंतर एक हजार, अशा फार तर अकरा हजार प्रयत्नांत कुलूप उघडते. एका चुकीच्या रचनेने दहा कोटींचे अकरा हजार झाले.

लोणावळ्यातील घरांना सर्वांत उपयोगी पडणारी सोय म्हणजे पाहुण्यांचे स्वतंत्र जाळे, ‘गेस्ट नेटवर्क’. एकाच राउटरमधून ते वेगळ्या नावाने व वेगळ्या पासवर्डाने सुरू करता येते. त्यावर आलेल्याला इंटरनेट मिळते. पण त्यातील अलगीकरणाचा पर्याय चालू ठेवला, तर घरचा संगणक, कॅमेरा किंवा हिशेबाचे यंत्र त्याला दिसत नाही. घरात जशी पाहुण्यांना ओसरी व घरच्यांना माजघर, तशीच ही व्यवस्था. गिऱ्हाईक, बंगल्यावरचे पाहुणे, हंगामापुरते ठेवलेले नोकर यांना हाच पासवर्ड द्यावा आणि तो दर महिन्याला बदलावा. हिशेब व बँकेचे व्यवहार मात्र माजघरातल्या जाळ्यावरच ठेवावेत.

राउटर कोठे ठेवावा, हाही विचाराचा विषय आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा लहरींचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. म्हणून रेडिओ केंद्रासारखी परवानगी न घेता प्रत्येक घराला हे छोटे प्रक्षेपण केंद्र चालविता येते. या पट्ट्याच्या लहरी लांबवर जातात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक वेग देतात, पण भिंतींनी लवकर क्षीण होतात. मावळातील जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, पत्र्याची छपरे, पाण्याची टाकी, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे सारे लहरींचे अडसर आहेत. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, मोकळ्यावर असावा. कपाटात किंवा तिजोरीशेजारी नसावा. गल्ल्यावर तर तो मुळीच असू नये. त्याच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात टाचणी घालून दहा-एक सेकंद दाबले की सर्व मांडणी पुसली जाते आणि छापील पासवर्ड पुन्हा लागू होतो. छापील चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आणि छिद्र त्याच्या हाताशी असेल, तर चार शब्दांच्या पासवर्डाला अर्थ उरत नाही.

वेगाबाबत एक गैरसमज नेहमी होतो. योजनेत १०० ‘एमबीपीएस’ लिहिलेले असते आणि फाइल उतरविताना फोन सेकंदाला बारा ‘एमबी’ दाखवितो. यात फसवणूक नाही. योजनेतील मोजमाप बिटचे आणि फाइलचे बाइटचे. आठ बिट मिळून एक बाइट. १०० ला ८ ने भागले की साडेबारा येतात. तक्रार नोंदविण्यापूर्वी हा भागाकार करावा आणि मोजणी राउटरच्या जवळ बसून करावी.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर वीज जाणे आणि वीज चमकणे दोन्ही नित्याचे. काचेच्या तारेतून विजेचा प्रवाह येत नाही. परंतु राउटरचा अ‍ॅडॉप्टर विजेच्या वायरीला जोडलेला असतो. गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवावा. वीज गेल्यावर व्यवहार अडू नयेत म्हणून राउटरसाठी लहान बॅटरी मिळते. घेताना तिचा व्होल्ट राउटरच्या चिठ्ठीवरील आकड्याशी जुळवून पाहावा. तारेची डबी वेगळी असेल, तर तिलाही बॅटरीचा आधार लागतो, अन्यथा राउटर चालू आणि इंटरनेट बंद अशी स्थिती होते.

शेवटचे काम मोबाइलवर नव्हे, कागदावर करायचे आहे. एका वहीत चार ओळी लिहाव्यात: अ‍ॅडमिन पासवर्ड, घरचा पासवर्ड, पाहुण्यांचा पासवर्ड आणि कंपनीने दिलेले नाव-पासवर्ड. बाजूला तारीख लिहावी आणि कोणती किल्ली कोणाकोणाला दिली, तेही लिहावे. वही कपाटात ठेवावी. घरातील एकट्या मुलालाच सारे ठाऊक आहे आणि तो परगावी गेला की सर्वांचे अडते, असे होऊ नये. निदान दोघांना ही कामे यावीत. मुनीम किंवा नोकर काम सोडून गेला की त्याला ठाऊक असलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. यात त्याच्यावर अविश्वास नाही. उलट पुढे काही घडले, तर संशयापासून त्याचेही रक्षण होते. बँकेत किल्ली हाती देताना दोन सह्या होतात, त्यामागे हाच विचार असतो.

त्या घरात सायंकाळपर्यंत सारे फोन नव्या नावावर आले. सुनेने विवरणपत्राचे पान उघडून पाहिले, मुलाने गल्ल्याजवळ पाहुण्यांच्या जाळ्याची पाटी लावली. शेठजींनी वहीतल्या चार ओळी एका कागदावर उतरवून पाकिटात घातल्या, पाकीट बंद करून त्यावर आडवी सही केली आणि नातीला सांगितले, “रविवारी तळेगावला आत्याकडे जाशील, तेव्हा हे तिच्या कपाटात ठेवायला दे. दुसरा संच नेहमी दुसऱ्या शाखेत असावा.”

नातीने पाकीट हातात घेतले आणि विचारले, “आणि पासवर्ड पुन्हा कधी बदलायचा, आजोबा?”

“पाडव्याला. नवी वही घालू, त्याच दिवशी.”